म्होरकी मागं का बघते

आमच्या धंद्यात दुकान गिऱ्हाइकाच्या दारात चालत जायचं. तेही चार पायांवर, शेपटी हलवत आणि वाटेत वाटेल तिथं शेण टाकत. सोलापुरातल्या जुन्या माणसांना हे सांगावं लागत नाही. पण दूध पिशवीला येतं असं मानणारी पिढी आता लग्नाला आली आहे, तिच्यासाठी सांगते.

पंढरपुरी म्हैस तुम्ही बघितली असेल. शिंगं तलवारीसारखी, खांद्याच्या मागं गेलेली. आणि स्वभाव असा की कुठंही उभी करा, पान्हा सोडते. रेडकू समोर नसलं तरी चालतं, शेजारून रिक्षा बोंबलत गेली तरी चालतं. म्हणून आम्ही गवळी लोक सकाळी म्हशी घेऊन बोळाबोळांतनं फिरायचो. दारात म्हैस उभी करायची, चरवी पालथी करून दाखवायची, म्हणजे आत पाण्याचा थेंब नाही याची गिऱ्हाइकाला खात्री, आणि तिथंच खाली बसून धार काढून द्यायची. एकाच बोळात मला कुणी दूध मागायचं, कुणी कन्नडात हालु, कुणी तेलुगूत पालु. म्हशीला तिन्ही भाषा कळायच्या. मला पैशाचं तेवढं तिन्ही भाषांत कळायचं.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एक मास्तर होते. चरवी पालथी करून त्यांचं भागायचं नाही, ते आत बोट फिरवून बघायचे. बोट कोरडं निघालं की मान हलवायचे, जणू मी परीक्षेत पास झाले. मग तेच दूध घरात नेऊन त्यात तांब्याभर पाणी घालायचे आणि चहा करायचे. त्यांच्या बायकोनंच मला सांगितलं. म्हणजे पाण्याला हरकत नव्हती, फक्त ते घालायचा मान त्यांना पाहिजे होता.

दुसरी एक तेलुगू अम्मा, घरात मागाची खटखट चालू असायची. तिला दूध पाहिजे ते चंद्रीचंच. चंद्री म्हणजे आमची सगळ्यात देखणी म्हैस. अम्माच्या नातवाला म्हणे दुसरीचं दूध पचत नव्हतं. एकदा चंद्री आटली, गाभण होती. मी गंगीला नेलं आणि सरळ सांगितलं, अम्मा, ही गंगी आहे. अम्मानं दूध घेतलं, चव घेतली आणि मला म्हणाली, "ये चंद्रीच हाय. तू तेरी म्हैस नै पैचानती क्या?" तेव्हापासून गंगी त्या दारात चंद्री म्हणूनच उभी राहिली. गंगीची काही तक्रार नव्हती.

असो. मला सांगायचं आहे ते दुधाचं नाही. या दिवाळी अंकवाल्या बाईंनी विचारलं की मावशी, एवढ्या म्हशी तुम्ही एकट्या कशा हाकायच्या? मी म्हटलं, मी कुठं हाकत होते. त्या ठरवायच्या आणि मी मागनं चालायचे. बाईंना वाटलं मी विनयानं बोलते. आमच्या घरात विनय कुणालाच नव्हता, तो मी कुठनं आणणार? खरंच तसं होतं म्हणून सांगितलं.

माझं माहेर मैंदर्गी. चौथीत शाळा सुटली. पुढचं वाचायला शिकले ते पेंडीच्या पोत्यांवरची अक्षरं आणि गिऱ्हाइकांकडची जुनी वर्तमानपत्रं लावून लावून. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा सासूनं, म्हणजे अव्वानं, पहिल्या आठवड्यातच मला कळपामागं धाडलं. अव्वा दुधनीकडची, कन्नडच बोलायची, मराठी फक्त रागात. गल्लीतल्या सगळ्या घरांच्या म्हशी सकाळची धार झाली की एकत्र करून तळ्यावर न्यायच्या, असा आमचा रिवाज. चाळीसभर म्हशी, गाभण, दुभत्या, अजून न व्यालेल्या वगारी आणि एक रेडा.

दुपारी म्हशी चिखलात डुंबून बाभळीखाली रवंथ करत बसायच्या. मला घाई. घरी भाकरी करायच्या होत्या. मी काठी घेतली आणि चंद्रीला उठवायला गेले. चंद्रीच का, तर तिच्या गळ्यात पितळी घंटा होती. घंटावाली ती म्होरकी, म्होरकी उठली की बाकीच्या उठतील, असं मला वाटलं. चंद्री उठली नाही. मी दोन ठेवून दिल्या. तिनं कान हलवला. माशी बसली असेल असं तिला वाटलं असावं.

अव्वा लांब बसून पान खात होती. तिथनंच म्हणाली, "सुम्मनिरु." म्हणजे गप्प राहा. मग जवळ बसवून घेतलं आणि म्हणाली, "नोडु." म्हणजे बघ.

मी बघायला लागले. बराच वेळ काहीच नाही. मग कडेची एक म्हैस उठली. मला वाटलं, अंग मोकळं करती आहे. पण ती मान उंच न करता, खाली चरायलाही न घालता, मधेच धरून एका दिशेला तोंड करून उभी राहिली. थोड्या वेळानं खाली बसली. मग दुसरीकडची एक उठली, तिनं वेगळ्या दिशेला तोंड केलं. मग तिसरी, पहिलीच्याच दिशेला. असं तासभर चाललं. कुणी ओरडत नव्हतं, कुणी कुणाला ढुशी देत नव्हतं. आणि एकदम, कुणी सांगितल्यासारखं, सगळा कळप उठला आणि जिकडं जास्त जणींनी तोंड केलं होतं तिकडं चालायला लागला.

पुढं आयुष्यभर मी हे बघत आले. म्हशींची सभा अशीच असते. ठराव नाही, अनुमोदन नाही, सभेनंतर भजी नाहीत. उभी राहिलेली म्हैस कुणाची सून, कुणाची भावजय हे कुणी विचारत नाही. मोडक्या शिंगाची भुरी आणि हारातुऱ्याची चंद्री, दोघींचं एकेकच मत. वगारींना मत नाही, त्यांनी अजून काही बघितलेलं नाही. आणि रेड्याला तर नाहीच नाही. तो सगळ्यात आधी उठतो, चारी दिशांना तोंड करतो, नाक वर करून दम दाखवतो, आणि शेवटी बाया जिकडं जातील तिकडं मागनं येतो. घरी आल्यावर आमचे हे जेवताना सांगायचे, आज मी म्हशी दगडाच्या खाणीकडं वळवल्या. मी भाकरी वाढायचे.

मग म्होरकी काय करते? हे मला अव्वाला विचारायला दोन वर्षं लागली, कारण सुनेनं प्रश्न विचारायची आमच्यात पद्धत नव्हती. अव्वा हसली. म्हणाली, चंद्री उठते कधी ते बघ. बघितलं. चंद्री उठायची सगळ्यांच्या शेवटी. बाकीच्यांचं ठरून गेलं की उठायची आणि शिंगं हलवत, घंटा वाजवत, कळपातनं वाट काढून पुढं जायची. दहा पावलं चालायची आणि मागं बघायची. परत दहा पावलं, परत मागं. येताहेत ना? हो, येताहेत. मग ऐटीत.

आता तुम्ही म्हणाल, गवळीण म्हशींच्या आरत्या ओवाळायला लागली. तसं नाही. सगळ्या मिळून ठरवतात म्हणजे शहाणपणाचंच ठरवतात, असं कुठं आहे? एकदा सगळ्या कळपानं एकमतानं एका लग्नाच्या मांडवात शिरायचं ठरवलं. दाराला केळीचे खांब बांधले होते ते खाल्ले, वरमाईच्या अंगावर शेपटीनं चिखल उडवला. वधूपित्याला मी काय सांगणार, की हा बहुमताचा निर्णय आहे? हात जोडले आणि दोन दिवस फुकट दूध घातलं.

आणि एकदा त्याहून वाईट झालं. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

हमरस्ता ओलांडायच्या जागी कळप थांबला होता. अर्ध्या म्हशींची तोंडं घराकडं, अर्ध्यांची तळ्याकडं परत. ठरत नव्हतं. अशा वेळी थांबायचं असतं. पण त्या दिवशी कळपाबरोबर आमचे हे होते आणि माझा चुलत दीर मल्लूअण्णा होता. दोघंही पुरुष, दोघांच्याही हातात काठ्या. यांनी एकीकडनं हाका मारल्या, मल्लूअण्णानं दुसरीकडनं. दोघांनाही वाटलं आपण मदत करतोय. कळप मधोमध फाटला. अर्ध्या इकडं पळाल्या, अर्ध्या तिकडं, आणि आमची काशी म्हैस मधल्या मध्ये गोंधळून रस्त्यावर उभी राहिली. ट्रकवाल्याचा काही दोष नव्हता.

काशीच्या दुधावर माझा मुलगा बसू वाढला होता. तो कित्येक दिवस दूध प्याला नाही. यांनी त्यानंतर कळपामागं जाणं सोडलं. पुढं हे गेले, तोवर दोघा भावांनी एकमेकांना कधी विचारलं नाही की आधी हाक कुणी मारली.

मल्लूअण्णा मात्र मोठा माणूस झाला. आमच्या गल्लीतल्या दूधवाल्यांच्या मंडळाचा अध्यक्ष झाला. माणूस वाईट नाही. कुणाच्या घरी मयत झाली तर पहिला तोच येतो. फक्त त्याला असं वाटतं की तो आला म्हणून मयत नीट पार पडली.

दोन वर्षांपूर्वी गल्लीचं ठरलं की गोठे शहराबाहेर न्यायचे. आता घरांवर घरं झाली, रस्त्यावर गाड्या मावेनात, शेजारी नाकाला रुमाल लावून जायला लागले. शेणाचा वास त्यांना आमच्या दुधात कधी आला नाही, रस्त्यावर आला. ठीक आहे. जागा दोन बघितल्या होत्या. दोन्ही मालक भाड्यानं द्यायला तयार होते. एक हमरस्त्याला लागून, पत्र्याचं शेड, बोअर, सिमेंटचा हौद. ती मल्लूअण्णाच्या मेहुण्याची. दुसरी आतल्या बाजूला मुरमाचा माळ, बाभळी, आणि दगडाची जुनी खाण, तिच्यात पाणी साठलेलं. उन्हाळ्यात तळं आटलं की आमच्या म्हशी त्या खाणीतच डुंबायला जायच्या.

सभा झाली. बाप्ये पुढं सतरंजीवर, आम्ही बायका मागं दाराशी, निम्म्या आत निम्म्या बाहेर. म्हशींच्या कळपात मत फक्त बायांना. आमच्यात उलटं. धारा आम्ही काढायच्या, शेण आम्ही उचलायचं, व्यायलेल्या म्हशीशेजारी आम्ही बसायचं, आणि म्हशी कुठं राहणार ते ज्यांना गंगी आणि भुरीतला फरक कळत नाही त्यांनी ठरवायचं. मल्लूअण्णानं माईक आणला होता. खोली केवढी, तर पाठीमागच्याची जांभई पुढच्याला ऐकू येईल एवढी. तो म्हणाला, खाणीला गाडी जात नाही, रस्ता कच्चा आहे. त्याची गाडी, बरं का. म्हशींना रस्त्याची अडचण नव्हती. मग म्हणाला, ज्यांना हमरस्त्याची जागा मान्य आहे त्यांनी हात वर करा. आणि सगळ्यांकडं बघायला लागला. पहिल्यानं अण्णाच्या तोंडाकडं बघून हात वर केला, दुसऱ्यानं पहिल्याकडं बघून, आणि शेवटच्यानं पंख्याकडं बघून, कारण आता कुणाकडं बघायची गरजच उरली नव्हती. ठराव सर्वानुमते. भजी गरम होती, त्याबद्दल दुमत नाही.

मागं सुंद्राबाई, म्हणजे मल्लूअण्णाचीच बायको, माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, "म्हशींस्नी हौदात डुंबायला पोहायच्या चड्ड्या शिवाव्या लागतील की आता."

सभेत आणखी एक ठराव झाला. आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मिरवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात माळा, मोरपिसं. सगळ्यांच्या पुढं जी म्हैस असते तिच्या गळ्यात गल्लीची पितळी घंटा. त्या मानावरनं आमच्यात सख्खे भाऊ बोलायचे बंद झालेत. चंद्री, म्हणजे त्या पहिल्या चंद्रीची लेक, तीही आता म्हातारी झाली होती. मल्लूअण्णानं करमाळ्याच्या बाजारातनं राणी नावाची नवीन म्हैस आणली होती, दिसायला खरंच राणी. ठरलं की घंटा राणीच्या गळ्यात घालायची, म्हणजे नवीन जागी कळप तिच्या मागं जाईल. गवळ्याच्या पोटी जन्मलेली माणसं, आणि एकालाही वाटलं नाही की घंटा बांधून म्होरकी होत नाही. सगळ्यांनी पिढ्यान् पिढ्या घंटेचा आवाज ऐकला होता, म्हैस कुणी बघितली नव्हती.

बसू पुण्याला नोकरीला असतो. हलवायच्या आदल्या दिवशी आला. त्यानं मला आत बोलावलं.

"आई, एक बोलू? उद्या त्याच रस्त्यावरनं जायचं हाय. एक जरी म्हैस गेली तर मी हेड्याला फोन करनार. अकराच्या अकरा विकायच्या आनि तू माझ्यासंगं पुन्याला यायचं."

हेडी म्हणजे जनावरांचा व्यापारी. मी म्हटलं, पुण्याला मी काय करू? तो म्हणाला, आराम. मला आराम करता येत नाही हे त्याला माहीत आहे, पण रागावून बोलत नव्हता. काशीचं बोलत होता. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सकाळची धार उरकून निघालो. गल्ली बघायला बाहेर. मास्तर काठी टेकत आले होते, मला म्हणाले, आता चरवी कुणाची बघू? अम्मा दारात उभी राहून गंगीच्या पाठीवरनं हात फिरवत होती आणि तिला चंद्री म्हणत होती. मी म्हटलं, अम्मा, पिशवीचं दूध नातवाला पचेल. नातू आठवीला आहे आता.

पुढं राणी, गळ्यात घंटा. तिच्या बाजूला मल्लूअण्णा, पांढरा सदरा, गळ्यात उपरणं, कुणीतरी फोटो काढत होतं. गावाबाहेर तिठ्यापर्यंत सगळं सुरळीत. तिथनं डावीकडं हमरस्ता आणि अण्णाच्या मेहुण्याचं शेड, उजवीकडं खाणीची कच्ची वाट. राणी डावीकडं वळली. दहा पावलं गेली, मागं बघितलं.

मागं कुणी नव्हतं. कळप तिठ्यावर थांबला होता.

राणी घंटा वाजवत परत आली आणि मध्ये येऊन उभी राहिली. बिचारीला काही कळेना. बाजारात तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मल्लूअण्णानं एक हुशारी केली होती. आदल्या दिवशी आपल्या पाच-सहा म्हशींना त्या शेडवर नेऊन हिरवा मका खाऊ घातला होता, निवडणुकीच्या आदल्या दिवशी घालतात तसा. त्यांची तोंडं डावीकडं लागली. त्यांच्या बघण्यानं आणखी काहींची. उरलेल्यांची तोंडं उजवीकडं, पाण्याकडं. मी नुसत्या नजरेनं मोजलं. अर्ध्या इकडं, अर्ध्या तिकडं. काशीच्या दिवशी होतं तसंच. मागं ट्रक येऊन थांबले, भोंगे वाजायला लागले.

आणि गल्लीतल्या सगळ्या बाप्यांना एकदम स्फूर्ती आली. एक डावीकडनं हाका मारायला लागला, दुसरा उजवीकडनं. एकानं भुरीच्या पाठीत काठी घातली. म्हशी डोळे फाडून मागं सरकायला लागल्या. बसू माझ्याकडं बघत होता. त्याच्या हातात फोन होता.

मी आयुष्यात बाप्यांच्या अंगावर ओरडले नव्हते. त्या दिवशी तोंडातनं जे निघालं ते माझं नव्हतं, अव्वाचं होतं.

"सुम्मनिरु!"

आमच्या गल्लीत प्रत्येकाला लहानपणी कुठल्या ना कुठल्या अव्वानं त्या शब्दानं गप्प केलेलं आहे. काठ्या खाली आल्या. पन्नाशीची माणसं शाळेतल्या पोरांसारखी उभी राहिली. मी मल्लूअण्णाला म्हटलं, "अण्णा, आज कुणी हाक मारायची न्हाय. तुमी बी न्हाय, मी बी न्हाय."

मल्लूअण्णाचं तोंड पांढरं पडलं. त्यालाही काशी दिसली असणार. त्याची थट्टा मी या लेखात भरपूर केली आहे आणि पुढंही करणार आहे, पण हे सांगायला पाहिजे. तो सरळ मागं गेला आणि भोंगा वाजवणाऱ्या ट्रकसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला. ड्रायव्हर शिव्या देत होता, अण्णा नुसता उभा. भोंगे थांबले.

मग आम्ही थांबलो. ऊन चढत होतं. एखादी म्हैस मान वळवायची, परत सरळ व्हायची. मला त्या कुठं जातील हे माहीत नव्हतं. खाणीकडं जाव्यात असं वाटत होतं, पण वाटून काय उपयोग, मी म्हैस नाही. डावीकडं गेल्या असत्या तरी चाललं असतं. सगळ्या एकीकडं जायला पाहिजेत, एवढंच.

आधी भुरी हलली. जिच्या पाठीत आत्ता काठी बसली होती ती. मोडकं शिंग, दूध बेताचं, गल्लीत तिला कुणी नावानं हाक मारत नाही. तिनं उजवीकडं तोंड केलं आणि उभी राहिली. मग गंगी. मग मल्लूअण्णाचीच एक, मका खाल्लेली. मका खाल्ला आणि मत दिलं पाण्याला. असे मतदार आपल्याकडंही आहेत म्हणतात, मला कुणी भेटलं नाही. मग एकेक करत तोंडं फिरत गेली, पिठाच्या चक्कीवरच्या बायका पाळी आली की सरकतात तशी, न भांडता. आणि एकदम सगळा कळप कच्च्या वाटेला लागला. राणीची ती दहा पावलं सोडली तर हमरस्त्यावर एकही खूर पडला नाही.

राणी सगळ्यांत शेवटी निघाली. निघाली आणि मग काय घाई. शिंगं हलवत, घंटा बडवत, कडेकडेनं पळत पुढं गेली. आणि तिच्याबरोबर, ट्रक सोडून, उपरणं सावरत मल्लूअण्णा. दोघं एकाच वेळी कळपाच्या पुढं पोचले. अण्णानं हात वर करून मागच्यांना खूण केली, "चला, ह्या बाजूनं."

सुंद्राबाई माझ्या शेजारनं चालत होती. म्हणाली, "जाऊबाई, घंटा एकच हाय, गळं दोन झालं की वो."

खाणीवर पोचल्यावर म्हशी पाण्यात शिरल्या. बसू काठावर उभा राहून मोजत होता. दोनदा मोजल्या. पाण्यात नुसती नाकं आणि शिंगं दिसत असल्यामुळं तिसऱ्यांदा मोजल्या. मग फोन खिशात घातला आणि म्हणाला, "मी परवा जातो." तेवढंच. पुण्याचं नाव परत काढलं नाही.

मेहुण्याच्या शेडचं पुढं काय झालं, ते मंडळाच्या पुढच्या सभेत कळलं. मल्लूअण्णानं माईकवरनं सांगितलं की सर्व बाबींचा साकल्यानं विचार करून अध्यक्षांनी ऐनवेळी खाणीच्या जागेचा निर्णय घेतला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. त्याच संध्याकाळी तो घरी आला. चहा प्याला, बशी खाली ठेवली.

"वैनी, खरं सांगा. त्या दिशी तुमाला आदीच म्हाईत हुतं का, कुटं जानार त्या?"

"न्हाय."

"मग एवढं गप कशा हुबा ऱ्हायलात?"

"दुसरं काय करायचं ते बी म्हाईत न्हवतं."

तो उठून दारापर्यंत गेला. मग म्हणाला, त्या काशीच्या वेळी आधी हाक त्यानंच मारली होती. मी म्हटलं, आमचे हे सांगायचे की त्यांनी. दोघांनीही आयुष्यभर तो दोष स्वतःकडं घेतला आणि एकमेकांना सांगितला नाही. गप्प कुठं बसावं आणि कुठं बसू नये, हे बाप्यांना कळेल तेव्हा खरं.

खाणीची जागा चांगली आहे. म्हशी खूश, दूध वाढलं. पण दारोदार धार काढणं संपलं. तेवढ्या लांबनं रोज शहरात म्हशी आणणं जमत नाही. आता दूध कॅनमध्ये घालून गाडीवरनं जातं. गाडी चालवणारा गिऱ्हाइकाला ओळखत नाही आणि गिऱ्हाईक म्हशीला. चरवी पालथी करून दाखवायची माझी सवय मात्र गेली नाही. परवा पाहुण्यांसमोर चहाचं पातेलं पालथं केलं.

मागच्या दिवाळीला पाडव्याच्या मिरवणुकीची सभा भरली. मल्लूअण्णाचं म्हणणं, मिरवणूक हमरस्त्याच्या मैदानावर काढायची, मांडव घालायचा, पाहुणे बोलवायचे. जुन्या गल्लीत नको, अडचण होते. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा म्हणाला. पुढचे हात वर जायला लागले.

मागं दाराशी सुंद्राबाई उठली. पदर खोचला आणि जुन्या गल्लीकडं तोंड करून उभी राहिली. मला हसू आलं, मग मीही उठले. तिकडंच तोंड केलं. मग भुरीची मालकीण उठली. मग एकेक. कुणी कुणाला खुणावलं नाही. थोड्या वेळात दाराशी बसलेली एकही बाई बसलेली राहिली नाही. वर गेलेले हात हळूहळू केस सारखे करायला लागले.

मल्लूअण्णानं माईक हातात धरून आमच्याकडं बघितलं. गवळ्याचं रक्त आहे, एकदा बघितलेलं विसरत नाही. माईक खाली ठेवला, घाईघाईनं सतरंजीवरच्यांना ओलांडत आमच्या पुढं दारात आला आणि म्हणाला, "तर मग ठरलं. जुन्या गल्लीतच."

पाडव्याला म्हशी गल्लीत आल्या. रंगवलेली शिंगं, झेंडूच्या माळा. आणि एक गोष्ट आम्ही कुणी ठरवली नव्हती. गंगी अम्माच्या दारात आपसूक थांबली. तिच्या मागची मास्तरांच्या दारात. मागं वाजंत्री खोळंबली. अम्मा भांडं घेऊन बाहेर आली, "आयी क्या गे चंद्री" म्हणाली, आणि मी नवं लुगडं खोचून रस्त्यातच खाली बसले. चरवी नव्हती, अम्माचंच भांडं पालथं करून तिलाच दाखवलं. मास्तरांनी त्यात बोट फिरवलं.

पुढं लांबवर घंटा वाजत होती. राणी आणि तिच्या बाजूला मल्लूअण्णा, फेटा बांधून. दहा पावलं चालायचा आणि मागं बघायचा.